मॉर्व्हलबाईंचा पूर्वज

डब्लिन, ओहायो
९ ऑक्टोबर १९९४

अनुपचे बाबा यांस,
सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र मला नाही, अनुपला आलं. शेवटी 'तुझ्या आईच्या परतण्याचं काय' अशी एक ओळ होती, तिचं उत्तर मीच देते. तिकीट पुढे ढकललं आहे. हर्षिताची तब्येत बरी नसते, घरात माणूस हवं. व्हिसाची मुदत अनुपने वाढवून घेतली. मे महिन्यात मी निघाले तेव्हा तुम्ही अंगणात खुर्चीवर पेपर उघडून बसला होता आणि रिक्षा वळेपर्यंत वर पाहिलं नाहीत. तेव्हा तुम्हालाही घाई नसावी, असं मी धरते.

इथलं बरं आहे. अनुप आणि हर्षिता सकाळी दोन वेगवेगळ्या गाड्यांतून ऑफिसला जातात. जाताना अनुप रोज म्हणतो, "आई, बोअर झालं तर टीव्ही लाव." मी लावत नाही. मी शेजारी जाते.

आमची ही वसाहत होण्याआधीपासून इथे एक जुनं दगडी घर आहे. त्यात मिसेस हेलन मॉर्व्हल एकट्या राहतात. ऐंशी ओलांडलेल्या, काठीसारख्या ताठ. साखरेमुळे त्यांच्या घोट्यावर जखम झाली आहे. एकदा पत्रपेटीशी त्या उभ्या होत्या, तेव्हा त्यांची सुटलेली पट्टी मला दिसली. एवढी वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून काढल्यावर सुटलेली पट्टी बघवत नाही. मी दाखवा म्हटलं, त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग पाय पुढे केला. आता मी रोज ड्रेसिंग करते आणि नंतर आम्ही चहा घेतो. माझं नाव त्यांना येत नाही, त्या मला 'जाय' म्हणतात. मी त्यांना मॉर्व्हलबाई म्हणते आणि तेही त्यांना समजत नाही.

त्यांच्या बैठकीत पियानोच्या वर एक चित्र आहे. मला आधी तो फोटोच वाटला. काळंपांढरं, लंबगोल चौकटीत एक पुरुष. अंगात चिलखत, गळ्याशी जाळीचा रुमाल, डोक्यावर खांद्याखाली येणाऱ्या कुरळ्या केसांचा टोप. नाक मोठं आणि मध्ये उंचवटा असलेलं. खाली ढालीवर तीन पक्षी आणि नाव. त्यांनी मला भिंग दिलं आणि म्हणाल्या, "जवळून बघ." जवळून पाहिलं तर माणूस नाहीच, नुसत्या रेघा. गालावर बारीक होत होत शेवटी ठिपके. तीनशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये तांब्याच्या पत्र्यावर हाताने या रेघा कोरल्या, त्यांत शाई भरली आणि पत्रा कागदावर दाबून हे चित्र उठवलं, असं त्यांनी सांगितलं. चिलखताच्या एकेका पत्रीवर उजेड कसा पडलाय ते बघत मी बराच वेळ उभी होते. तुमचं फळ्यावरचं अक्षर सुबक आहे म्हणून शाळेत सगळे नावाजायचे. हे बघितलं असतंत तर गप्प झाला असतात.

"काउंट द मॉर्व्हल, फ्रान्सचा सरदार," बाई म्हणाल्या. "आमचा मूळ पुरुष. त्याचं नाक बघ आणि माझं बघ."

मी पाहिलं. साम्य होतं.

मग त्यांनी विचारलं, "तुझे आजोबा कोण होते?"

मी सांगितलं, "मेलेली गुरं ओढायचे."

त्या चहा ढवळत राहिल्या. "आणि वडील?"

"गिरणीत होते."

"आणि तू नर्स." मग म्हणाल्या, "तुम्ही लोक फार भरभर चालता बाई."

मला राग आला नाही. उलट तुमच्या चौदा एप्रिलच्या भाषणातलं एखादं वाक्य कोणीतरी चुकून इंग्रजीत बोललं असं वाटलं.

औषधाच्या गोळ्या वेळेवर घ्या. रक्तदाबाची गोळी जेवणाआधी घ्यायची, नंतर नाही.

जाई


डब्लिन, ओहायो
२७ नोव्हेंबर १९९४

अनुपचे बाबा यांस,
सप्रेम जयभीम.

उत्तर आलं नाही. अनुपशी रविवारी फोनवर बोललात हे कळलं. मी शेजारच्याच खोलीत होते. फोन मला दे, असं तुम्ही म्हणाला नाहीत आणि अनुपनेही विचारलं नाही. तो शहाणा झालाय.

मधे एक आठवडा मी इथे नव्हते. फिरायला गेले होते.

मॉर्व्हलबाईंच्या घरी एक प्रकार घडला तो लिहिते. त्यांनी ते चित्र इथल्या एका विद्यापीठाला द्यायचं ठरवलं होतं. खाली पितळी पाटीवर घराण्याचं नाव लागावं, एवढीच अट. त्यासाठी मिस केलर नावाची मुलगी बघायला आली. वयाने आपल्या उपासनाएवढी असेल. बाईंनी केक मागवला होता आणि मोत्यांची माळ घातली होती. मला म्हणाल्या, "तूही थांब, जाय."

मुलीने चित्र फ्रेममधून काढलं, टेबलावर ठेवलं, दिवा तिरका धरला आणि भिंगातून बघू लागली. कागद चांगला आहे, छपाई सुरेख आहे, असं म्हणाली. मग पिशवीतून तिने दोन फोटो काढून शेजारी मांडले. पहिल्यात हेच चिलखत, हाच रुमाल, हेच तीन पक्षी, खाली मॉर्व्हल हेच नाव. पण तोंड निराळं. निमुळती हनुवटी, बारीक सरळ नाक, माणूस आजारी दिसणारा. दुसऱ्या फोटोत आपल्या भिंतीवरचा मोठ्या नाकाचा माणूस, तेच चिलखत, पण खालचं नाव भलतंच आणि पक्ष्यांच्या जागी गव्हाची पेंढी.

बाई म्हणाल्या, "मला कळत नाही."

मुलीने हळू आवाजात समजावलं. काउंटचा राजाच्या दरबारात पडता काळ आला. त्याचं चित्र कोणाला नको झालं. कोरलेला पत्रा दुसऱ्याने विकत घेतला, सैन्याला धान्य पुरवणाऱ्या एका ठेकेदाराने. त्याने कारागिराकडून काउंटचा चेहरा तेवढा घासून काढायला लावला आणि तिथे स्वतःचा कोरून घेतला. धड तेच ठेवलं. तेव्हा असं पुष्कळ व्हायचं म्हणे, नवा पत्रा कोरण्यापेक्षा सोपं. बाईंच्या हातातला कागद मधल्या वेळचा. चेहरा बदलून झालाय, नाव बदलायचं राहिलंय, तेवढ्यात नमुना म्हणून काढलेली ही प्रत. "अशी दुसरी माझ्या पाहण्यात नाही," मुलगी म्हणाली. तिला वाटलं, बाईंना आनंद होईल. टोपाच्या बाहेर, मोकळ्या जागेत, जुन्या टोपाच्या पुसट रेघा राहून गेल्या होत्या त्याही तिने दाखवल्या. मीही वाकून पाहिल्या.

बाईंनी विचारलं, "मग माझा माणूस कुठे आहे?"

"त्याला घासून टाकलं, मॅम."

बाईंनी तिला आणखी एक केकचा तुकडा वाढला, हवापाण्याचं बोलल्या, दारापर्यंत सोडायला गेल्या. परत आल्यावर चित्र पियानोवर भिंतीकडे तोंड करून ठेवायला मला सांगितलं.

"माझं नाक त्या दाणेवाल्याचं आहे, जाय."

मी म्हटलं, "तुमचं नाक तुमच्या आईबापाचं आहे."

"तुला विनोद वाटतोय."

"नाही," मी म्हटलं. खरं म्हणजे थोडा वाटत होता.

त्या दिवशी त्यांनी ड्रेसिंग करू दिलं नाही.

थंडी फार आहे. तुमचा तपकिरी स्वेटर लोखंडी कपाटात खालच्या कप्प्यात आहे.

जाई


डब्लिन, ओहायो
१८ डिसेंबर १९९४

अनुपचे बाबा यांस,
सप्रेम जयभीम.

मॉर्व्हलबाई जेवेनाशा झाल्या आहेत. जखम पुन्हा ओली झाली. डॉक्टर म्हणतात साखर, मी म्हणते साखर आणि आणखी काही. पूर्वज गेल्याचं दुःख कोणी इतकं करेल असं मला वाटलं नव्हतं. त्याच्यासाठी त्यांनी काय काय केलं होतं हे मला माहीत नव्हतं. ते परवा कळलं.

त्यांना एक मुलगा होता, क्रिस. टोलेडो गावच्या एका मुलीशी त्याने लग्न केलं. पोलिश लोकांतली, आईबाप काचेच्या कारखान्यात कामाला. बाई लग्नाला गेल्या नाहीत. "आपण मॉर्व्हल आहोत," असं त्यांनी त्याला या बैठकीतच, त्या चित्राखाली उभं राहून सांगितलं. तो पुढे दरवर्षी नाताळला फोन करायचा. त्या घ्यायच्या नाहीत. मग एका हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ होतं आणि त्याची गाडी घसरली. सून अजून टोलेडोतच आहे. इथून गाडीने दोनअडीच तासांवर.

बाईंनी हे रडून सांगितलं नाही. खिडकीबाहेर बघत, दुसऱ्या कोणाची हकीकत सांगावी तसं सांगितलं. मग म्हणाल्या, "फोन लावतेस? नंबर वहीत आहे."

मी लावला. पलीकडे एका बाईचा आवाज आला. मी फोन मॉर्व्हलबाईंच्या कानाशी धरला, त्यामुळे मलाही ऐकू येत होतं.

"मी हेलन बोलतेय. क्रिसची आई."

तिच्या मागे कुठे तरी भांडी वाजत होती. मग ती म्हणाली, "क्रिस तुमची वाट बघायचा. मी कधीच बघितली नाही." आवाज चढला नव्हता. तिने फोन ठेवून दिला.

मी रिसीव्हर जागेवर ठेवला. बाई म्हणाल्या, "ठीक आहे. चहा करशील?" मी केला. अर्धा कप प्यायल्या.

मी कपबशी विसळून ठेवली. सिस्टरने पेशंटला शहाणपण शिकवायचं नसतं.

हे तुम्हाला का लिहिलं ते मला नीट सांगता येणार नाही. दिवसभर इथे मराठी बोलायला कोणी नसतं.

हर्षिता ठणठणीत आहे. ती आजारी नव्हतीच.

जाई


जर्सी सिटी
५ फेब्रुवारी १९९५

अनुपचे बाबा यांस,
सप्रेम जयभीम.

वरचा पत्ता बघून तुम्ही पत्र बाजूला ठेवाल. ठेवू नका, यावेळी काम आहे.

नोव्हेंबरात मी फिरायला नाही, इथे आले होते. उपासनाला तेव्हा आठवा महिना सुरू होता. तिकीट पुढे ढकललं ते याच्यासाठी. तुम्हाला कळवू नकोस असं ती म्हणाली होती, आणि मला वाटलं, कळवून तरी तुम्ही काय केलं असतंत? अनुपलाही माहीत होतं. तोही बोलला नाही.

बारा जानेवारीला तिला मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. नाव इशिता. उंच इमारतीत चौदाव्या मजल्यावर दोन खोल्या आहेत, खाली मॅनहॅटनला जाणारी गाडी. राजेश सकाळी त्या गाडीने कामाला जातो आणि संध्याकाळी येऊन आधी हात धुतो, मग मुलीला घेतो. मी एवढ्या बाळंतिणी बघितल्या, त्यांचे नवरे बघितले. हा मुलगा चांगला आहे. तो मला 'आई' म्हणतो, तुमच्याबद्दल बोलताना 'सर' म्हणतो. तुम्ही लग्नाला का आला नाहीत हे त्याने मला एकदाही विचारलं नाही.

मीही तुम्हाला विचारलं नव्हतं. दोघंही शिकलेली, दोघंही एकाच कॉलेजची, लग्नात बुद्धवंदना झाली. फक्त तो मातंग समाजातला. "ते आपल्यातले नाहीत," एवढंच तुम्ही म्हणालात आणि लग्नाहून परत आल्यावर माझ्याशी बोलणं सोडलंत. जन्माने माणूस मोठा नसतो हे मी तुमच्या तोंडून इतक्या मैदानांवर ऐकलंय, की ते मला पाठ आहे. असो. वाद घालायला मी पत्र लिहीत नाही.

काम असं. राजेशचे वडील राजारामजी शिडीवरून पडले. मांडीचं हाड मोडलंय. नागपूरलाच, माझ्या जुन्या दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावर पुरुषांच्या हाडांच्या वॉर्डात आहेत. पायाला वजन बांधून ठेवलंय, दोन महिने तरी हलता येणार नाही. जवळ फक्त त्यांची बायको, शोभाताई. राजेश एकुलता एक. तो निघाला होता, पण बाळ नुकतंच झालेलं आणि व्हिसाचे कागद अडकलेले. आता गेला तर परत येता येईल की नाही याची खात्री नाही. काल स्वयंपाकघरात पाठमोरा उभा राहून तो भांडी घासत होता. नळ नुसताच वाहत होता.

उपासना म्हणाली, "आई, बाबांचं घर तिथून किती जवळ आहे गं."

मी म्हटलं, "हो."

"नको," ती म्हणाली. "लिहू नकोस."

मी लिहिते आहे. तुम्ही जा असं म्हणत नाही. त्या वॉर्डात हवा थंड असते, दुपारी तीननंतर भेटायला सोडतात आणि झोपून असलेल्या माणसाला सगळ्यात जास्त त्रास वेळ जात नाही याचा होतो. एवढीच माहिती द्यायची होती.

मॉर्व्हलबाईंना वृद्धांच्या एका सदनात हलवलं. निघण्याआधी मी त्यांना भेटून आले. चित्र त्यांनी विद्यापीठाला देऊन टाकलं. पाटीवर घराण्याचं नाव नको म्हणाल्या.

जाई


जर्सी सिटी
१९ मार्च १९९५

उपासनाचे बाबा यांस,
सप्रेम जयभीम.

काल शोभाताईंचा फोन आला. त्यांनी बूथवरून केला होता, म्हणून राजेशने लगेच उलट लावला. तो बोलला, उपासना बोलली, मग मला दिला. आम्ही दोघी लग्नानंतर पहिल्यांदाच नीट बोललो.

म्हणाल्या, "ताई, इकडे एक गृहस्थ येतात."

"कोण?"

"नाव सांगत नाहीत. 'मी शाळेतला, सहज आलो,' म्हणाले. तीन वाजले की येतात. यांना पेपर वाचून दाखवतात, अग्रलेखासकट. यांना त्यातलं निम्मं कळत नाही, पण हे हूं म्हणतात. मग डबा ठेवतात आणि जातात. भाजी जरा करपलेली असते."

तुम्हाला भाजी कधी जमली नाही.

"डब्याला मी पहिल्या दिवशी पैसे विचारले, तर रागावले," शोभाताई म्हणाल्या. "मला म्हणाले, बाई, तुम्ही घरी जाऊन अंघोळ करून या, मी बसतो. महिन्याभरात पहिल्यांदा मी घरी जाऊन झोपले, ताई."

मी विचारलं, "तुम्हाला कोण वाटतात ते?"

त्या हसल्या. मग सांगितलं. राजारामजी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत तुम्ही सगळ्यात पुढे निळा फेटा बांधून चालायचा ना, त्याच्याही पुढे जो बँड असायचा, तो त्यांचा. पंचवीस वर्षं ते तुमच्या पुढे उलटे चालत वाजवायचे, तोंड तुमच्याकडे. चौकात बँड थांबला की तुम्ही बोलायला उभे राहायचात आणि ते फुटपाथवर बसून ऐकायचे. वॉर्डच्या दारात तुम्ही पहिल्यांदा दिसलात तेव्हाच त्यांनी ओळखलं. शोभाताईंना खुणेने गप्प राहायला सांगितलं.

"सांगू नका हो त्यांना," शोभाताई मला म्हणाल्या. "आम्ही ओळखलंय हे कळलं तर यायचे बंद होतील. यांना सवय झालीय. तीन वाजायच्या आधीच दाराकडे बघत असतात."

मी हो म्हटलं. फोन ठेवल्यावर उपासनाला सांगितलं. ती पाळण्याशी गेली, मुलीचं पांघरूण नीट केलं, ते नीटच होतं. "करपलेली भाजी," एवढंच म्हणाली आणि हसायला लागली, मग तोंड धुवायला गेली.

शोभाताईंना दिलेला शब्द मी मोडते आहे, त्याला कारण आहे. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात राजारामजींच्या पायाचं वजन काढणार आणि त्यांना घरी सोडणार. तिथे कुबड्यांवर चालायला शिकवावं लागेल, उचलायला आधार लागेल. दवाखान्यात कोणीही जाऊ शकतं. 'सहज आलो' म्हणता येतं. घरी जायला नातं लागतं. ते तुमच्याजवळ उपासनाच्या लग्नापासून आहे, वापरलं नाहीत एवढंच.

माझं तिकीट काढलं. एकवीस एप्रिलला नागपूरला पोहोचते. बरोबर इशिताचे फोटो आहेत. स्टेशनवर घ्यायला येऊ नका. मी सामान घेऊन आधी राजारामजींकडेच उतरणार आहे, फोटो त्यांना आधी दाखवायचे म्हणून. तुम्ही तिथे असलात तर तिथेच भेटू.

जाई